सौनात वाळवलेली बंदूक

२६ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, मी हरणाच्या शिकारीला जाणार. निर्णय आयलाचा, म्हणजे बायकोचा, पण होकार माझा. लग्नाला सहा वर्षं झाली आणि दरवर्षी बरोबर पंधरा नोव्हेंबरला माझी दाढ दुखते. यंदाही हळूहळू सुरुवात झाली होती. आयला म्हणाली, ती दाढ तर गेल्या वर्षीच काढली. बायकांच्या स्मरणशक्तीवर मी कधीतरी सविस्तर लिहीन.

मुद्दा असा की सासरेबुवांचा शिकारीतला जोडीदार आर्विड मार्चमध्ये वारला. दोघं आयुष्यभर एकत्र जंगलातल्या त्यांच्या खोपटात जात आले. आता सासरेबुवा, म्हणजे रेनो, एकटे. वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा बदललेला. मी नाही गेलो तर ते एकटे जाणार, आणि बर्फात पडले तर कुणाला कळणारही नाही. हे सांगताना आयला रडली नाही. रडली असती तर मला वाद घालता आला असता.

मला भीती वगैरे वाटत नाही. फक्त जंगल, अंधार, अस्वलं, लांडगे आणि बंदुकीचा आवाज एवढ्याच गोष्टी आवडत नाहीत.

२९ ऑक्टोबर

सासरेबुवा बंदूक घेऊन आले. आर्विडची. त्याच्या बायकोने सासरेबुवांना दिली, त्यांनी मला दिली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताळून हाताळून लोण्यासारखा मऊ झालेला. सासरेबुवा म्हणजे मोजून बोलणारा माणूस. म्हणाले, "आर्विडची आहे. सांभाळ." शनिवारी खडीच्या खाणीत नेम धरायची प्रॅक्टिस करू, असंही म्हणाले.

बंदूक कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप लावलं. कपाटासमोर खुर्ची ठेवली. उगाच आपली खबरदारी.

३१ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला आणि खरी अडचण सापडली. नेम ही अडचणच नाही. बंदूक चकचकीत आहे, ही अडचण आहे. हरणाला लांबूनच दिसणार. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, चकाकी म्हणजे काय हे मला कळतं. बंदुकीला जंगली रंग दिला पाहिजे. झाडपाल्यात मिसळून जाईल असा. इंटरनेटवर एक गृहस्थ भांडी घासायच्या साध्या स्पंजने दहा मिनिटांत करून दाखवतात.

सासरेबुवांना फोन केला की प्रॅक्टिस रद्द, बंदुकीची तयारी चालू आहे. कसली तयारी, म्हणाले. मी म्हटलं, तेलपाणी. ते बरं म्हणाले.

प्रॅक्टिस टळावी म्हणून मी हे केलं, असं कुणी म्हणेल. म्हणो.

२ नोव्हेंबर, रविवार

रंगकाम. आधी सगळं तेल पुसलं. नळीचं तोंड, चाप, वरच्या दुर्बिणीच्या काचा, सगळीकडे चिकटपट्टी. मग सगळ्या बंदुकीवर मातकट रंगाचा स्प्रे. अक्रोडाचं लाकूड झाकलं जाताना मी डोळे मिटले, पण ते बहुधा रंगाच्या फवाऱ्यामुळे असावं.

मग स्पंज. कापायचा नाही, ओबडधोबड फाडायचा. रंगात बुडवून आधी वर्तमानपत्रावर टिपायचा आणि मग हलक्या हाताने ठिपके. पहिल्यांदा हिरवा, मग तपकिरी, शेवटी थोडा काळा. हात सारखा फिरवायचा, म्हणजे ठसे एकसारखे येत नाहीत. अप्रतिम झालं. गॅरेजच्या भिंतीला टेकवली तर भिंतीवर शेवाळ आल्यासारखं वाटलं. आयला बघून गेली. बंदुकीभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, बाबांना माहीत आहे का. आणि तिचा भांडी घासायचा स्पंज कुठे आहे, हेही विचारलं.

४ नोव्हेंबर

आज कळलं की कायद्याने प्रत्येक शिकाऱ्याला भडक नारिंगी जॅकेट घालावं लागतं. कोसभर लांबून दिसेल असं. म्हणजे बंदूक अदृश्य आणि मी दिवाळीतला आकाशकंदील. आयला हसत होती. मी तिला समजावलं की हरणांना नारिंगी रंग ओळखू येत नाही. मग हिरवा तरी येतो का, असं तिने विचारलं. तिचा प्रश्न मला आवडला नाही.

६ नोव्हेंबर

रंग वाळत नाही. गॅरेजमध्ये पाणी गोठतंय. डब्यावर लिहिलंय, उबदार जागेत आठवडाभर ठेवा. आयला वासामुळे घरात आणू देत नाही. सासरेबुवांचा फोन आला, बंदूक कशी आहे? मी म्हटलं, विश्रांती घेतेय.



८ नोव्हेंबर, शनिवार

सुचलं. आपल्याकडे सौना आहे. परसातली वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, चूल पेटवली की भट्टीसारखी तापते. यापेक्षा उबदार जागा अख्ख्या गावात नाही. सकाळीच पेटवली. बंदूक खालच्या फळीच्या मागे उभी केली. आजवर कुणाला कसं सुचलं नाही, कोण जाणे.

संध्याकाळी: शनिवार. दर शनिवारी सासरेबुवा आपल्याकडे सौनाला येतात. हे मी विसरलो. हे विसरणं म्हणजे रविवारी चर्च असतं हे विसरण्यासारखं आहे. टॉवेल गुंडाळून बाहेर गेलो तेव्हा म्हातारा आधीच आत बसला होता. उघडा. वरच्या फळीवर. बंदुकीच्या बरोब्बर डोक्यावर. मला बसणं भाग पडलं.

कसला वास, म्हणाले. मी म्हटलं, नवा साबण. त्यांनी तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. वाफच वाफ. पुन्हा ओतलं. मी मनातल्या मनात बंदुकीची माफी मागत होतो. आणि नेमकं आजच ते बोलायला लागले. एरवी सौनात मौन असतं. आर्विड शीळ फार वाईट वाजवायचा, म्हणाले. खोपटातला त्याचा बिछाना अजून तसाच आहे, म्हणाले. मग पुन्हा पाणी. मला एवढा घाम कधी सुटला नव्हता आणि त्यातला निम्मा गरमीचा नव्हता.

१० नोव्हेंबर

ठिपके थोडे ओघळलेत. त्यामुळे जास्त खरे वाटतात. चिकटपणा मात्र गेला नाही, उलट वाढला. बोट लावलं तर बोट सोडवून घ्यावं लागतं. वरून पारदर्शक रंगाचा हात मारला. आता मधाच्या बरणीच्या झाकणासारखी झालीय. अजून पाच दिवस आहेत. काळजी नाही.

झोप येत नाही. आयलाला म्हटलं, उत्साह.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. खोपट

पोचलो. बर्फ पडतोय. बंदूक पिशवीतच आहे. सासरेबुवांनी दाखव म्हटलं, मी म्हटलं सकाळी. पाहू, म्हणाले. त्या 'पाहू'नंतर मी पिशवीची चेन पुन्हा एकदा ओढून बघितली.

भिंतीवर शर्टांच्या मागच्या टोकांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेत. इथली रीत आहे. नेम चुकला की रात्री त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापतात आणि खाली नाव, साल लिहून भिंतीवर लावतात. सगळ्यात जास्त तुकडे आर्विडचे. मी लगेच उपाय शोधून काढला: ज्याने गोळी झाडलीच नाही त्याचा नेम चुकत नाही.

१५ नोव्हेंबर, पहाट

अंधारातच निघालो, म्हणून बंदूक त्यांना दिसली नाही. पहिला विजय. मला फांद्यांच्या आडोशामागे एका ओंडक्यावर बसवलं आणि ते टेकाडापलीकडे गेले. हाक मारलीस तर ऐकू येईल, म्हणाले. खरं तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी आलोय. आयलाने खिशात सफरचंद दिलंय. गोळ्याही त्याच खिशात. बंदुकीत घातल्या नाहीत. सुरक्षितता आधी.

थोड्या वेळाने: काहीतरी मोडलं. फांदी असेल. फांद्या आपोआप मोडतात.

पुन्हा मोडलं. मागून. भीती वाटतेय. इथे लिहितोय कारण हे कुणी वाचणार नाही. फार भीती वाटतेय. कुणीतरी श्वास घेतंय आणि तो मी नव्हे

१५ नोव्हेंबर, रात्र

घडलेलं शांतपणे लिहितो. अस्वल होतं. मी बंदूक छातीशी धरली, डोळे मिटले आणि अगदी धीराने स्तब्ध राहिलो. गरम श्वास मानेवर आला, मग खिशाशी ओलं काहीतरी लागलं. त्यानंतर मी जी आरोळी ठोकली तिला किंकाळी म्हणणं अन्यायाचं होईल.

टेकाडावरून सासरेबुवा धावत आले. नव्या गुडघ्यावर. बर्फातून. ज्यांना पडू द्यायचं नव्हतं ते मला वाचवायला धावले. मी सांगितलं, अस्वल होतं. केवढं, म्हणाले. मी हात पसरायला गेलो, पण हात पसरेना. बंदूक जॅकेटला चिकटली होती.

त्यांनी ती हळूहळू, पट्टी सोलावी तशी सोलून काढली आणि उजेडात धरली. आर्विडची बंदूक. मातकट, हिरवी, ओघळलेली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. त्या क्षणी खरं अस्वल आलं असतं तर मी त्याच्याबरोबर गेलो असतो.

मग त्यांनी नळीवरून पांढऱ्या केसांचा पुंजका उपटला. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "या अस्वलाची शेपटी पांढरी होती वाटतं, जावईबापू."

बर्फात हरणाच्या खुरांचे ठसे माझ्या बुटापर्यंत आलेले आणि माघारी गेलेले. त्यांनी बंदूक उघडली. रिकामी. खिसा बघितला. गोळ्या होत्या, सफरचंद नव्हतं. मग माझ्या जॅकेटकडे बघितलं. नारिंगीवर अख्खी बंदूक उमटली होती, हनुवटीपासून मांडीपर्यंत, आणि दोन्ही बाह्यांवर हिरवे ठिपके. लहान पोर बाहुली कवटाळतं तशी मी ती धरली होती, हे कुणालाही वाचता येत होतं.

"आर्विड हे बघून हसून हसून मेला असता," ते म्हणाले. "आधी मेला नसता तर." आणि बर्फातच बसून हसायला लागले. खूप वेळ हसले. शेवटी डोळे पुसले. ते मी पाहिलं नाही, असं मी ठरवलं.

खोपटात चुलीपाशी आयलाने दिलेल्या पास्त्या खाल्ल्या. मांस आणि बटाटा भरलेली ही करंजी विटेएवढी असते. त्यांनी विचारलं, भीती वाटली का? मी म्हटलं, थंडी होती. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हो.

"मलाही," ते म्हणाले. "कालपासून. त्या बिछान्याकडे बघवत नव्हतं. तू आलास म्हणून निभावलं."

मग कात्री घेऊन उठले. मी म्हटलं, गोळी झाडलीच नाही तर नेम कसा चुकला? त्यांना पटलं. कात्री खाली ठेवली आणि माझं अख्खं जॅकेट आर्विडच्या तुकड्यांशेजारी ठोकलं. खाली नाव, साल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

परत कामावर. सासरेबुवांनी बंदूक टर्पेंटाइनने पुसून काढली, अक्रोड पुन्हा जसंच्या तसं. म्हणजे माझ्या हातचा रंग कुठेच टिकला नाही, असं आयला म्हणते. ते खरं नाही. हनुवटीवर टिकलाय. साबण, तेल, टर्पेंटाइन, कशालाही दाद देत नाही. नवा चष्मा लावला की गिऱ्हाईक आधी माझ्या हनुवटीकडे बघतं, मग हसतं, मग म्हणतं, रेनोचा जावई तूच का? चष्म्याचे नंबर तरी मी बरोबर देतो आहे.

संध्याकाळी सासरेबुवांचा फोन. पुढच्या पंधरा नोव्हेंबरचं वर्षभर आधी आमंत्रण. मी दाढेचं बोलणार होतो, पण तोंडातून हो निघालं. बंदूक आणू नकोस, म्हणाले. बटाटे सोलायची सुरी आण, स्वयंपाक तुझ्याकडे.

सुरी काढून बघितली. पातं फार चकाकतं. स्पंजचा एक तुकडा उरलाय, पण तो आयलाने लपवला आहे.