खाकरण्याचं कलम

ता. ३ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पाकीट काल मिळालं. आत निघालं ते असं: कायद्याच्या मसुद्याची सात पानं, माझ्या चष्म्याला दोरी, आणि तुझा फोटो आलेलं वर्तमानपत्र. तिकिटं कमी लावलीस, म्हणून टपालवाल्याला वरचे नऊ रुपये मोजले. कायदे करणाऱ्या बाईला पाकिटाचं वजन कळू नये, याला काय म्हणावं? देव तुझं भलं करो, पण पाकीट तोलून टाकत जा.

अक्काला कळेल तोच कायदा, असं तू आमदार झाल्यापासून म्हणतेस, म्हणून पेन्सिल घेऊनच वाचायला बसले. दुकानात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बायकांना मालकाने बसायला द्यावं, हे तुझं म्हणणं लाखमोलाचं. पण एवढ्याने भागायचं नाही गं. यांच्या कापडाच्या दुकानात दोन स्टुलं आहेतच. एकावर टॉवेलांचा गठ्ठा असतो, दुसऱ्यावर पंखा. परवा डबा घेऊन गेले, तेव्हा नीट पाहिलं. पडद्यांच्या काउंटरवर एक बाई आहे, नुसत्या हाताने अचूक कापड मोजते म्हणून सगळे तिला मीटरबाई म्हणतात. अकरा वर्षं झाली तिला. घोटे असे सुजलेत की चपला काउंटरखाली काढून ठेवते. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पंखा उचलून जराशी टेकली, तर गल्ल्यावरून हे खाकरले. शब्द नाही काढला, नुसते खाकरले. ती ताडकन उभी! तिच्या मागे बाकीच्या तिघी, त्या तर बसल्याही नव्हत्या.

तेव्हा तुझ्या कायद्यात स्टूल असेल, पण खाकरणं कुठे आहे? असं लिही, की बसायची जागा रिकामी ठेवली पाहिजे, आणि गिऱ्हाईक नसताना बसलं म्हणून कुणाला बोलता, हटकता किंवा पगार कापता येणार नाही. पानांवर पेन्सिलीने खुणा केल्यात. मागची बाजू कोरी वाया कशाला घालवायची, म्हणून पत्रही तिथेच लिहिलंय.

हे आपल्या दोघींतच ठेव. तुझे दाजी मनाने वाईट नाहीत, हे मी तुला सांगायला नको. वेळेवर जेवत जा. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्का

*

ता. १९ जून

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते, कारण बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

तुझ्या खुणा इतक्या नेमक्या होत्या, की ती पानं तशीच समितीच्या कचेरीत दिली. मतदानाआधी बारा आमदार एका टेबलाभोवती बसून मसुदा तपासतात, ती ही समिती. तिथल्या बाईंना म्हटलं, याच्या बारा प्रती काढा. बाई कामाला चोख. त्यांनी दोन्ही बाजूंच्या काढल्या.

अक्का, बाराही जणांसमोर तुझं पत्र! मी येऊन बसेपर्यंत निम्म्यांनी वाचलं होतं. व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलणारे एक जुने आमदार आहेत, त्यांनी चष्मा पुसून खाकरण्यापासून शेवटपर्यंतचा मजकूर मोठ्याने वाचला आणि मला विचारलं, बाई, हे दाजी कोण? हशा पिकला. मी नाव सांगितलं नाही. पण मला बहीण एक आणि दाजी एक, हे त्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यालाही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट होती.

आता चांगलं सांगते. हसणं ओसरल्यावर अध्यक्ष म्हणाले, की एवढे दिवस आपण स्टुलाची उंची ठरवत बसलो, मुद्दा आज टेबलावर आला. तुझं कलम घ्यायला सात जण तयार आहेत. पण जुने आमदार अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, असं कुठल्याच दुकानात होत नाही, ही बायकांची घरगुती कुजबुज आहे. एखादा दुकानदार स्वतः येऊन सांगू दे, नाहीतर कलम वगळा. त्यावर त्या सातांतलेही दोघे डळमळले. मी चार दुकानदारांना विचारलं. चौघांनी चहा पाजला आणि हात जोडले. कोणी आलं नाही, तर कायदा नुसता स्टुलाचा होईल, आणि त्यावर गठ्ठे ठेवायला सगळे मोकळे.

दाजींना काही विचार असं मी म्हणत नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही. माझ्या लग्नात त्यांनी वडिलांच्या जागी उभं राहून सगळं केलं, आणि मी त्यांची अशी शोभा केली. तू रागव, पण अबोला धरू नकोस.

तुझी मूर्ख,
धाकटी

*

ता. २८ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

पत्र पोचलं, तिकिटं पुरेशी होती. हे उत्तर कोऱ्या कागदावर आणि एकाच बाजूने लिहीत आहे, याची नोंद घ्यावी.

तुझ्या पत्राआधी ती चौकट घरी पोचली. समोरचा दुकानदार पेपर घेऊन आला आणि यांना म्हणाला, काय दाजी, घसा कसा आहे? त्यानंतर चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचे. मी लपवलं नाही. लिहिलं ते मीच, आणि लिहिलं ते खरं, एवढं सांगून देवापुढे जाऊन बसले. बाहेर गेलं याची क्षमा मागितली. लिहिलं याची मागवेना.

पाचव्या दिवशी यांनी दुकानात मीटरबाईलाच विचारलं, की खरंच का मला एवढ्या घाबरता तुम्ही? ती म्हणाली, मालक, घाबरत नाही, पण तुम्ही आत जेवायला गेलात की आम्ही चौघी बसतो, आणि तुम्ही घास सावकाश चावावा म्हणून देवाला विनवतो. यांना आधी हसू आलं. मग म्हणे हातातल्या कापडाची कितीतरी वेळ घडी करत राहिले.

त्या संध्याकाळी बोलले. म्हणाले, गिऱ्हाईक आलं की माणूस उभं दिसावं, हे वडिलांनी शिकवलं, त्यात कुणाचे पाय दुखत असतील हे डोक्यातच आलं नाही. मी म्हटलं, मग उद्यापासून बसू द्या की. तर चिडले. तुला दुकान कळत नाही म्हणाले. मी एकट्याने बायकांना बसवलं, तर लोक म्हणणार इथे आळस आहे, आणि समोरच्याकडे जाणार. समोरचाही याच भीतीने बसवत नाही. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत एकाच दिवशी बसायला लागल्या, तर कुणाचंच गिऱ्हाईक तुटायचं नाही. आणि हे कायद्याशिवाय कोण करणार?

मी म्हटलं, अहो, हेच तिथे जाऊन सांगा ना. त्यावर पान संपेपर्यंत पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, सांगतो.

म्हणजे हे येतायत, धाकटे. मीटरबाईला त्या दिवशीपुरतं गल्ल्यावर बसवणार आहेत. खुर्चीवर, असं स्वतःच म्हणाले. अटी दोन. तिथे त्यांना कुणी दाजी म्हणायचं नाही, आणि तू वाकून नमस्कार करायचा नाहीस, नाहीतर ते जुने आमदार म्हणतील घरचा साक्षीदार आणला. ते असंही म्हणतील, तर म्हणू देत. घरचा आहे, म्हणूनच खरं सांगायला त्याला जास्त हिंमत लागते.

गाडीची तिकिटं काढायची आहेत, तेव्हा समिती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कुठल्या दारात, ते कळव. आणखी एक यांनी विचारायला सांगितलंय, पण तसं तू दाखवू नकोस: तिथे बोलणं किती वेळ चालतं, आणि बोलणाऱ्याला बसायला देतात का? उलट टपाली लिही.

तुझी,
अक्का