डाव्या गुडघ्याचा बाण

ती. अंबुआक्का,

बेळगुंदीहून मष्णूचा नमस्कार. (पाया पडलो असं समज, गुडघा अजून वाकत न्हाय.) निपाणीत तुझी शुगर, दाजींचा खोकला आणि सौरवची नोकरी कशी हाय ते कळव. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत न्हाईस, म्हणून पत्र.

माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली, आणि डाव्याचीच बदलली, हे आधी सांगतो, कारण चुकून उजव्याची बदलायला निघालते. झालं असं, की ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी डाव्या गुडघ्यावर पेनानं बाण काढला, पाय चुकू नये म्हणून. ते गेले आणि आमची मंडळी, गुणाबाई, आली. (घासून तव्याला भोक पाडणारी बाई, तुला ठाऊकच हाय.) माणूस आत स्वच्छ जावा म्हणून तिनं वजरीनं पाय घासला, आणि बाण गेला. दोघांचंही धाबं दणाणलं. सिस्टर रागावतील म्हणून गुपचूप दुसरा काढायचं ठरलं. मी दाराकडं बघत राखण करतोय, चष्मा आधीच काढून घेतलेला, आणि गुणाबाई समोर बसून बाण काढतीया. तिनं आपल्या डाव्या हाताकडचा गुडघा धरला. समोरून तो माझा उजवा, म्हणजे अंगातला शेवटचा धड सांधा.

आत कमरेखाली भूल दिली, पण कान जागे होते. डॉक्टर लई मोठे. उजव्या पायाला औषध फासून झालं. कापायच्या आधी सगळ्यांनी हात थांबवून पेशंटचं नाव आणि पाय मोठ्यानं बोलायचा तिथं रिवाज हाय. त्यात एक सिस्टर म्हणाली, "सर, निल्लरी." (कन्नडात थांबा.) एक्स-रे डाव्याचा, बाण उजव्यावर. मला वाटलं, गेली बिचारीची नोकरी. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हातातलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "थँक्यू सिस्टर. बोललात ते बरं केलंत." आक्का, मी तिथंच रडलो. त्यांना वाटलं, भूल उतरली.

पुढं त्यांची मीटिंग झाली आणि गुणाबाईला बोलावणं आलं. हाकलणार म्हणून ती पिशवी भरूनच गेली. तर त्यांनी तिला चहा दिला, आणि चूक कुणाची ते न विचारता चूक झाली कशी ते विचारलं. आता तिथं घासून न जाणारी शाई आलीया. दवाखाना आपल्यामुळं सुधारला, असं गुणाबाई गावभर सांगतीया. मी मात्र रोज सकाळी उजव्या पायावर उभा राहताना त्या पोरीचं नाव घेतो. तिचे उपकार जन्मात फिटायचे न्हाईत.

तुझा दोन पायांचा भाऊ,
मष्णू

ता. क. त्या सिस्टरचं नाव रचना, उचगावची. व्हय, तीच. दिवाळीनंतर सौरवसाठी बघायला गेलतो, तवा तू तासभर शुगरचं रडगाणं गाऊन चौथा लाडू उचललास आणि तिनं तो तुझ्या हातातनं काढून घेतला. मोठ्यांना अडवणारी सून नको, म्हणून तू उठलीस. आक्का, तिनं मोठ्यांना अडवलं म्हणून मी चालतोय. तेवढं मनावर घे.

आणखी एक ता. क. होकार मात्र तू एकटीनं देऊन भागणार न्हाय. मी तिला विचारलं. म्हणाली, "मामा, मुलगा बरा हाय. सासूबाईंची शुगर बघून सांगते." तवा येताना पत्रिका राहिली तरी चालंल, रिपोर्ट आण. आणि रक्त उपाशीपोटी दे, लाडू खाऊन न्हवं.