काशीतला आपला माणूस

स्नेहलतागंज, इंदूर
ता. ३ ऑक्टोबर १९५१

रा. रा. दिवाकरपंत मुळ्ये, दुर्गाघाट, काशी, यांस
गजानन मुळ्ये याचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

येथे आम्ही 'मुळ्ये यात्रा मंडळ' सुरू केले आहे. गेल्या साली ओंकारेश्वर आणि उज्जैन अशा दोन लहान यात्रा सुखरूप पार पडल्या. यंदा तुळशीचे लग्न झाले की प्रयाग, काशी, गया अशी मोठी यात्रा काढीत आहोत. यात्रेकरू चव्वेचाळीस, बहुतेक वयस्क, त्यांत नऊजण सोवळ्यातले. खांडव्याहून तिसऱ्या वर्गाचा एक डबा राखून मिळत आहे. काशीत पाच दिवस उतरण्याची, जेवणाची आणि टांग्यांची व्यवस्था एकाच विश्वासू माणसाकडे सोपवावी असा विचार आहे. आपल्या खानावळीची आणि वरच्या खोल्यांची ख्याती ऐकली. हे काम आपण घ्याल काय, ते उलट टपाली कळवावे.

आपला,
ग. ल. मुळ्ये
व्यवस्थापक


स्नेहलतागंज, इंदूर
ता. १९ ऑक्टोबर १९५१

चि. दिवाकर यास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात सख्ख्या धाकट्या भावाला 'पंत' लिहिले. लिहिताना माझे मलाच हसू आले, पण हात दुसरे काही लिहीना.

खरे सांगतो, तुला लिहायचेच नव्हते. आधी काशीच्या एका धर्मशाळेला लिहिले. उत्तर आले, 'पचास आदमी का जिम्मा हम नहीं लेते.' मग प्रयागच्या उपाध्यांना विचारले, त्यांनी तुझे नाव सुचवले. खांडव्याच्या स्टेशनवर यात्रा घेऊन निघालेले एक नागपूरकर भेटले, त्यांनीही तुझेच. शेवटी मोटारवाले मालोजीराव, आमच्या ओंकारेश्वरच्या मोटारी त्यांच्याच, चहा पिता पिता म्हणाले, "नानाजी, इतके परेशान कशाला होऊन राहिले तुम्ही? बनारसला दिवाकर भिया आहेत ना! एकदम घरच्यासारखं करतात. आडनाव पण तुमचंच. रिश्तेदार तर नाहीत?"

मी म्हणालो, "असतील दूरचे."

तुझे कार्ड परवा मिळाले. खोल्या आहेत, सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा होईल, टांगे घेऊन तूच स्टेशनवर येशील. मग विचारलेस, 'व्यवस्थापकांनी कोठे उतरायचे ठरवले आहे?' आणि शेवटी, 'यादी पाठवताना नावे नीट लिहावीत. कोणाचे गाळू नये.'

ते वाचले आणि समजलो, की तू काशीच्या आपल्या उपाध्यांच्या वहीतले घराण्याचे पान पाहिले आहेस.

पणजोबांपासूनचे ते पान. आपल्यातला जो काशीला जाईल तो आपली, भावांची, मुलाबाळांची नावे त्यात लिहून यायचा. पाच वर्षांपूर्वी दादांच्या अस्थी घेऊन मी गेलो, तेव्हा उपाध्ये म्हणाले, "तुमचं मोडी अक्षर सुरेख, तुम्हीच लिहा." मी लिहिले, 'कै. लक्ष्मीकांत यांचे पुत्र गजानन.' आणि टाक खाली ठेवला. सव्वीस वर्षे कचेरीत कारकुनी केली, एक रकाना कधी मोकळा सोडला नाही. तेव्हा विसरलो असे म्हणायची मला सोय नाही.

मी लावून दिलेली दफ्तरातली नोकरी सोडून तू तिकडे खानावळ घातलीस. मुळ्यांचा मुलगा लोकांच्या पोळ्या लाटतो, याची मला लाज वाटे. दादांना वाटत नव्हती. शेवटच्या आठवड्यात ते रोज तुला विचारीत होते आणि मी तार केली नाही. तेरावा झाल्यावर कार्ड टाकले. काशीत दोन दिवस राहिलो, तुझ्या गल्लीवरून गेलो, पण आत वळलो नाही. घरी येऊन आईला सांगितले, दिवाकर गावाला गेला होता. फार वाईट वागलो मी, दिवाकर.

आता बघ, इंदूरचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आमच्या कचेरीची कपाटे ग्वाल्हेरला निघाली, तिकडे जायचे नाही म्हणून मी पेन्शन घेतली. आणि आज कोणाला अंघोळीला गरम पाणी मिळाले की नाही, कोणाला वरण आंबट लागले, हे बघत हिंडतो. हसेल त्याचे दात दिसतील, असे आता मी लोकांना सांगतो. तुझ्या वेळी हे सुचले नाही.

यादीत पहिले नाव आईचे आहे. एकाहत्तर वर्षांची झाली, पण यंदा जायचेच म्हणते. गंगेवर स्नान झाले की आधी वही उघडायची, ह्यांचे पान ऐकायचे, हे तिने केव्हाच ठरवून टाकले आहे. तिला मोडी येत नाही, म्हणजे उपाध्ये मोठ्याने वाचणार. प्रथम मनात आले, तुला कळवावे की आम्ही पोचण्याआधी जाऊन तुझे नाव घालून ठेव. कारकुनाचे डोके, दुसरे काय सुचणार!

काल दुपारी आईला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "म्हणजे पाच वर्षं मी त्यालाच दोष देऊन राहिले. बापाच्या अस्थी दारात आल्या आणि पोर गावाला गेलं म्हणून."

सूप घेऊन उठताना ती म्हणाली, "यादीत माझं नाव ठेव. तुझं ठेवायचं की नाही, ते दिवाकरला विचार."

म्हणून विचारतो आहे. माणसे माझ्या जबाबदारीवर निघणार, तेव्हा काशीपर्यंत मी येणारच. तू काही ठरवलेस तरी आईसमोर, माझ्या हाताने, वहीत तुझे नाव लिहिणार. त्यानंतर मी कोठे उतरायचे ते मी ठरवलेले नाही. तुझ्या दारात की धर्मशाळेत, तू सांगशील तिथे पथारी टाकीन.

यादी सोबत आहे. चव्वेचाळीस नावे दोनदा ताडून पाहिली, कोणाचे गाळलेले नाही. माझ्या नावाची पंचेचाळिसावी ओळ मात्र मोकळी सोडली आहे. ती तू भर.

तुझा चुकलेला भाऊ,
नाना