मशालजीचं नाव

१ ऑक्टोबर १९८४, सोमवार

आले एकदाची. दुकानाच्या वर दोन खोल्या, एक हीटर, आणि तळ्याकडे उघडणारी खिडकी. पलीकडच्या काठावर मेपलची झाडं लालभडक झाली आहेत. शेत विकलं तेव्हा शेजारणी माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू मी उभ्या जागी विरघळणार. विरघळले नाही. पुस्तकांच्या चार पेट्या स्वतः वर चढवल्या.

चारा साठवायच्या सायलोच्या टाकीतल्या वायूनं गडी खाली कोसळला आणि त्याला काढायला माझा नवरा सेल्मर आत उतरला, त्याला आता तीन वर्षं झाली. दोघंही बाहेर आले ते पांघरुणाखाली. त्या घरात राहून मी पुरेसं रडले. आता इथे नोकरी करायची.

मालकीण लुएला साठीची, गोल, बोलकी. दुकानात खेळण्यातल्या आगगाड्या, डिंक, रंगाच्या बाटल्या, विमानांचे सुटे भाग आणि फासे, तऱ्हेतऱ्हेचे फासे. ती म्हणाली, ‘खोलीचं भाडं नको. काउंटर सांभाळ आणि माझं बोलणं ऐकून घे. दुसरं काम जास्त आहे, आधीच सांगते.’ खूप दिवसांनी मोठ्यानं हसले.

६ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी दुकान बंद करून लुएला मागच्या खोलीत खेळायला बसते. मी कॉफी द्यायला गेले आणि दारातच उभी राहिले.

खेळ चालवतो वेंडेल क्रान, निवृत्त पोस्टमन. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे पाठपानं सुटलेली एक पातळ पुस्तिका. तो वाचून सांगतो : ओला जिना, डावीकडे दार, दारामागे घरघर. बाकीचे आपापलं सोंग घेऊन ‘मी कान लावतो’, ‘मी दार ढकलते’ असं बोलतात आणि फासे टाकतात. चीजच्या कारखान्यातला ड्वेन बुटका योद्धा होतो. तो बुटका या भुयारांत इतक्यांदा मेलाय, की आताच्याचं नाव ‘अजून एक ग्रिम’ आहे.

पडक्या गढीखालची तीच भुयारं हे लोक वर्षानुवर्षं खेळतायत. कंटाळा नाही का येत, विचारलं. लुएला म्हणाली, ‘अगं, तेच चर्च, तोच बटाट्याचा हॉटडिश, तोच नवरा चालतो ना माणसाला?’ मग तिनं जीभ चावली. मी मनावर घेतलं नाही.

वर आल्यावर विचार करत बसले. माझं शिक्षण आठवीचं. बाकी सगळं फिरत्या वाचनालयाच्या गाडीनं दिलं. पुस्तकातल्या दाराआड कोण आहे ते लिहिणारा सांगेल तेव्हाच कळतं. इथे दारावर थाप मारून विचारता येतं. म्हणून हे लोक परत परत जात असावेत. त्या पुस्तिकेत एकेका खोलीबद्दल दोन-तीनच ओळी आहेत म्हणे. उरलेलं सगळं बसणाऱ्यांनी आपल्या पदरचं घालायचं.

१३ ऑक्टोबर, शनिवार

मला ओढून बसवलं. मी एक म्हातारी पुजारीण झाले. ड्वेन म्हणाला, ‘टॉल्फसनबाई, तुमचे हात गुंतलेले, एक मशालजी ठेवा भाड्यानं. खेळातल्या गावात स्वस्तात मिळतात.’ ठेवला. वेंडेलनं आडोशावरून बघत त्याचं नाव विचारलं. बिननावाचा माणूस मी खाली नेत नाही, म्हणाला. या टेबलाची ही रीतच आहे.

मला दुसरं नाव आलंच नाही. सेल्मर, म्हटलं.

भाड्याच्या माणसांचं बोलणंही वेंडेलच बोलतो. त्याचा आवाज बारीक, शिट्टीसारखा. जिना उतरताना मशालजी बोलला तो छातीतून, जाड, शेवटचा शब्द गिळत. ‘आर्डी, पायाखाली बघ. निसरडं आहे.’

माझं नाव आर्डिस. आर्डी म्हणणारा एकच होता. मी टेबलाची कड धरली. ड्वेन मक्याच्या लाह्या खात होता, लुएला फासा शोधत होती. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये उभी राहिले, बसले, गायले. प्रार्थना केली नाही. शनिवार कधी येईल एवढंच मनात. देवासमोर बसून असा विचार करावा, याची लाज वाटली. पण शनिवारचाच विचार केला.

२० ऑक्टोबर, शनिवार

आज एक अरुंद बोळ आला. छताला फटी, जमिनीवर चुरा. ड्वेन म्हणाला, ‘बाई, मशालजी पोसलाय कशाला? धाडा पुढे!’ यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भाड्याची माणसं त्यासाठीच असतात, असं सगळेच खेळतात.

सेल्मरच्या आवाजात वेंडेल म्हणाला, ‘मी नको, आर्डी. दुसरा घे ना कुणी.’

मी सगळ्यांना गावापर्यंत परतवलं आणि दुसरा मशालजी घेतला. नाव? मंगळवारी हार्लन पीट माझा हीटर दुरुस्त करून गेला होता. तेच नाव तोंडात आलं. हार्लन पुढे गेला आणि छत खाली आलं. ड्वेननं टाळी वाजवली. आम्ही हसलो. वेंडेलच्या तोंडून सेल्मरही हसला.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

हार्लन पीट गेला. ट्रकखाली काम करत होता, जॅक निसटला. सकाळी बायकोनं पाहिलं. लुएला काउंटरवर डोकं ठेवून रडली. त्यानं तिच्यासाठी आगगाडीचा पूल जोडून दिला होता, पैसे घेतले नव्हते.

माझा हीटर अजून झकास चालतोय. बंद केला. कोट घालून बसले आहे.

२७ ऑक्टोबर, शनिवार

जाणार नव्हते. गेले.

खेळ सुरू होण्याआधी वेंडेलला बाजूला घेतलं. मशालजीचा आवाज तुम्ही कुणासारखा काढता, विचारलं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, ‘आवाज? बाई, चर्चमध्ये माझ्या गाण्याला बायको कोपर मारते. पुस्तिकेतलं वाचतो, पुढचं सुचेल ते बोलतो. चुकलं का काही?’ त्याला खरंच काही माहीत नाही.

आज काळ्या पाण्याचं टाकं होतं. खोली किती, ते कुणीतरी उतरून बघायचं. ‘मी नको’, आवाज म्हणाला.

इथे खरं लिहिते. जॅक निसटणं हा योगायोग, असं मी स्वतःला समजावत होते. आणि तरीही नव्या मशालजीसाठी, ज्याच्या जाण्यानं कुणाचं फारसं बिघडणार नाही, असं नाव शोधत होते. वृद्धाश्रमातली हेडविग रूड. तिला स्वतःची मुलं ओळखू येत नाहीत. बुधवारी मी तिला वाचून दाखवते. तिचं नाव घेताना आवाजही कापला नाही माझा. त्या नावाचा मशालजी टाक्यात उतरला, वर आला नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार

वाचायला गेले. पलंगावर नवी चादर होती.

फुप्फुसात पाणी भरलं, नर्स म्हणाली, या वयात होतं. सुटली बिचारी, सगळे म्हणतात. मीही म्हणाले. हेच शब्द, त्याच सुरात.

३ नोव्हेंबर, शनिवार

आज कुठलाच धोका नव्हता. टोळीनं भुयारात शेकोटी पेटवली आणि बाकीचे नकाशावर वाद घालत बसले. सेल्मर माझ्याशी बोलत होता. आपल्या तांबड्या गाईबद्दल, गारपिटीत आडव्या झालेल्या मक्याबद्दल, माझ्या जळलेल्या पहिल्या पावाबद्दल.

दोन माणसं मेली आणि मी इतकी सुखात होते. तीन वर्षांत इतकी नव्हते.

१० नोव्हेंबर, शनिवार

आता कुणाचं वाईट होऊ द्यायचं नाही, असं ठरवून गेले. दुसरा माणूस घ्यायचाच तर जगात कुणाचंच नसलेलं नाव द्यायचं. आठवडाभर अक्षरं जुळवत होते. टॅविन. कुठल्या पुस्तकात नाही, टेलिफोनच्या यादीत नाही.

खेळातल्या गावात या नावाचा माणूस घेतला. ड्वेन म्हणाला, ‘वा बाई! कुठून काढलंत हे?’ कुठूनच नाही, म्हटलं. आपल्या हुशारीवर मी खूश होते.

आम्ही आत शिरलो आणि मागे लोखंडी जाळी कोसळली. परतीची वाट बंद. समोर तांब्याचं दार. कुणीतरी ते ढकलून आधी आत जायचं. तिथेच वेंडेलनं पुस्तिका मिटली. पुढचे दोन शनिवार हरणांच्या शिकारीचे, गावात कोण असणार? आता डिसेंबरात.

२१ नोव्हेंबर, बुधवार

ड्वेन दुकानात नाचतच आला. चॉकलेटच्या सिगार वाटल्या. काल मुलगा झाला. यंदा शिकारीला गेला नाही म्हणून कारखान्यातले चिडवतायत, तर म्हणे, ‘माझं पाडस घरीच आलं!’

मग माझा हात धरून म्हणाला, ‘बाई, रागावू नका, तुमचं नाव चोरलं. टॅविन! बायकोला, मार्सीला, ऐकताक्षणी आवडलं. म्हणाली, अख्ख्या पंचक्रोशीत असं नाव कुणाचं नाही.’

मी अभिनंदन केलं. केलं असावं. लुएला म्हणते मी पांढरी पडले होते.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

लुएलाकडे थँक्सगिव्हिंगचं टर्कीचं जेवण. सगळ्यांनी एकेक करून कशाकशाबद्दल आभारी आहोत ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी मीठ मागितलं.

२६ नोव्हेंबर, सोमवार

वेंडेलच्या घरी गेले. टॅविनला पगार देऊन परत पाठवा, म्हटलं. तो म्हणाला, कसा पाठवू, मागे जाळी आहे. नाव बदला, म्हटलं. तो हसला. ‘खाली उतरलेल्याचं नाव बदलत नाही, बाई. नियमच आहे.’

मी येणार नाही, खेळणारच नाही, म्हटलं. तर त्याची बायको आतून म्हणाली, ‘मग तुमची माणसं लुएला चालवेल, काळजी नको!’

लुएलाला विचारलं. ‘अगं, येऊ नकोस, आराम कर. त्या नव्या पोराला पुढे ढकलीन, तुझा सेल्मर सांभाळून ठेवीन. तुझा जीव आहे ना त्याच्यावर.’

म्हणजे जायलाच हवं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

बाळ पाहिलं. मार्सीनं मांडीवर दिलं. त्याला नखं आहेत. एवढीशी, पारदर्शक. झोपेत ओठ हलवतो. मार्सी म्हणाली, नाव तुम्हीच दिलंत, तुम्हीच हाक मारा.

हाक मारता आली नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे रस्ते शोधले. नवी माणसं घ्यायला खाली गाव नाही. आणि आज, पहिल्यांदा, सुचलं, की मी स्वतः पुढे जाऊ शकते. माझी पुजारीण. पहिल्या दिवसापासून जाऊ शकत होते. हार्लनच्या वेळी. हेडविगच्या वेळी. एकदाही मनात आलं नाही.

उद्या मी जाईन. मशालीशिवाय.

१ डिसेंबर, शनिवार

तोंड उघडलं होतं. ‘मी’ म्हणणारच होते. तेवढ्यात तो वेंडेलच्या तोंडून म्हणाला, ‘तू नको, आर्डी. पोराला धाड. पोरगं काय, दुसरं होईल त्यांना.’

सेल्मर गड्यासाठी खाली उतरला होता. कुणी उतरा म्हटलं नव्हतं, टोपीसुद्धा न काढता उतरला.

हा सेल्मर नाही. आणि हे मला आज कळलं नाही. तो पहिल्यांदा ‘मी नको’ म्हणाला तेव्हाच कळलं होतं. आवाज हवा होता म्हणून न कळल्यासारखं केलं. हार्लन, हेडविग — कुणासाठी? कुणासाठीच नाही.

‘सेल्मर पुढे जाईल’, मी म्हटलं.

सगळे चकित. ड्वेन म्हणाला, ‘अहो बाई, तुमचा लाडका!’ वेंडेलनं पुस्तिका जवळ ओढली. घाम आला होता त्याला. मग त्याच्या स्वतःच्या बारीक आवाजात वाचलं : तो दार ढकलतो. आत जातो. दार मिटतं. किंकाळी नाही, काही नाही. पलीकडून कडी लावल्याचा आवाज येतो.

पुस्तिकेत असं काही लिहिलेलं नाही, नंतर तो मला म्हणाला. पलीकडे खोलीच नाही. भिंत आहे.

२ डिसेंबर, रविवार

ड्वेनला फोन केला. बाळ छान. दूध पितोय. दोनदा विचारलं, तो हसला.

वेंडेलला ताप. लुएला चर्चहून थेट त्याच्याकडे. खाली दुकान बंद. हिमवर्षाव. खाली कुणी नाही तरी —

फासे. मागच्या खोलीत. एकच, घरंगळत —

थांबला.

नंतर

जिन्यावर पावलं. जड. एक पायरी, मग थांबणं. खिडकीतून पाहिलं — बाहेरच्या बर्फावर कुणाच्या येण्याची खूण नाही.

दाराखालून उजेड येतोय. पिवळा. हलतोय.

‘आर्डी.’

वेंडेल नाही. वेंडेल घरी आहे. वेंडेलचं तोंड लागत नाही आता त्याला.

गार आहे म्हणतो. आत घे म्हणतो. रागावलो नाही म्हणतो. आपण पुन्हा बसू, बोलू, गाईचं, मक्याचं — रोज, शनिवारची वाट नको —

फक्त एक नाव सांग, म्हणतो. कुणाचंही. दार मग आपोआप —

तो सेल्मर नाही. तो सेल्मर नाही. मला माहीत आहे.

किती दिवसांनी कुणी आर्डी —

डावा हात तोंडावर दाबून धरलाय. उजव्यानं लिहिते. लिहीत राहिले तर बोलणार नाही. माझं नाव सांगावं. आर्डिस, एवढंच. सोपं आहे. माझं सांगितलं की संपेल —

पुन्हा हाक मारली. किती हळू मारतो —

जिभेवर नाव आलंय. माझं नाही ते. देवा, माझं नाही, ते