कुम्हारीहून परत आलेलं शिलाई मशीन

आई,

या पत्रात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. तुला नावांची गरज नाही, आणि मला हल्ली कागदावर नाव लिहायचं म्हटलं की हात थांबतो. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्याशी बोलावंसं पुष्कळदा वाटलं, पण लिहायला बसले ती आज, भर दुपारी, पुढचं दार आतून लावून. आपल्या घराचं दार दिवसा लावलेलं तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून हे आधी सांगितलं.

पोलाद कारखान्याच्या कॉलनीतलं, सेक्टरमधलं आपलं क्वार्टर, त्यातलं ते अरुंद स्वयंपाकघर. बाबा प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर, तू दवाखान्यात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात आया. दोनला ड्यूटी सुटली की तू घरी येतेस, हातपाय धुतेस आणि मोठ्या गंजात भात टाकतेस, आपल्या चौघांना लागेल त्याच्या दुप्पट. उरलेला डब्यात भरून संध्याकाळी वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी घेऊन जातेस. प्लांटमध्ये काही झालं तर आम्हाला ते आधी तुझ्या हातावरून कळायचं. तू गंजात आणखी तांदूळ टाकायचीस. त्या जास्तीच्या तांदळाची मला भीती वाटायची. बाबा घरी येईपर्यंत मी फाटकाशी उभी राहायची.

दवाखान्याच्या सोडल्या तर तुझ्याकडे दोनच साड्या होत्या. नाताळच्या उपासनेला बाकीच्या बायका रेशमी नेसून यायच्या, आणि मला तुझ्याशेजारी बसायची लाज वाटायची. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं. मी सातवीत असताना वॉर्डातल्या एका बाईच्या मुलीला स्वेटर हवा म्हणून तू मला माझा एक काढून ठेवायला सांगितलंस. मी कोपरावर फाटलेला काढला. तू तो हातात धरून उलटासुलटा पाहिलास.

"हा तुले पाहिजे का?"

"नाही."

"मंग तिले कावून पाहिजे? देऊन राहिली का घर झाडून राहिली?"

आवाज चढवला नाहीस. मी लाल, नवा स्वेटर आणून दिला आणि तो हिवाळा फाटक्यात काढला. ठिगळही तू लावून दिलं नाहीस. मला मशीनवर बसवलंस आणि सुई कशी ओवायची ते दाखवलंस. शिवण मी अशी शिकले. लग्नात तू मला तेच मशीन दिलंस, कारण देण्यासारखं घरात दुसरं काही उरलंच नव्हतं.

तुझी मुलगी म्हणून मी तुझ्यासारखी जगले असं मात्र नाही. शाळेतली नोकरी, मग हुडको कॉलनीतलं घर, सोफा, दोन कपाटं, त्यांच्यावर ठेवलेल्या बॅगा. रविवारी चर्चला जायचे, दानपेटीत टाकायचे, पण माझ्या देण्यानं माझ्या घरात कधी काही कमी झालं नव्हतं. हे गेले आणि मी रिटायर झाले, तेव्हा एका दुपारी कपाट उघडलं आणि तुझ्या दोन साड्या आठवल्या. त्या दिवसापासून घर रिकामं करायला लागले. जे मला अजून आवडतं तेच आधी द्यायचं, असं ठरवून. वर्षभरात घरात बोललं तर आवाज घुमायला लागला. मला ते आवडलं. सगळ्यात शेवटी राहिलं तुझं मशीन.

ते मी शहराबाहेरच्या कुम्हारीतल्या एका बाईला दिलं. ती आमच्या शाळेत झाडूपोछा करायची. तिच्या नवऱ्याची बोटं तिथल्या एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली आणि त्याला सांभाळायला तिनं काम सोडलं. मी ऑटोत मशीन घालून तिच्या दारात नेलं. तिथे मी प्रार्थना केली नाही, प्रभूचं नावही काढलं नाही, नुसता चहा प्यायले. महिन्याभरात तिच्या दारावर फॉल-पिकोची पाटी लागली. मी अधूनमधून कापडाचे तुकडे, थोडे तांदूळ घेऊन बसनं जायची. ती गल्लीच्या तोंडापासून "दीदी" म्हणून हाक मारायची.

दिवाळीनंतर त्या गल्लीत दोन मोटरसायकली दिसायला लागल्या. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा एकानं मोबाईल वर धरला आणि माझा फोटो काढला, मी त्याच्याकडे बघत असताना, अगदी आरामात. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गल्लीत लहान मुलंसुद्धा नव्हती, सगळी दारं ओढलेली. तिनं मला आत बोलावलं नाही. उंबऱ्यात उभी राहूनच म्हणाली, "दीदी, पूछ रहे हैं कि ईसाई मैडम क्या देने आती है, और बदले में क्या लेती है."

पुढच्या आठवड्यात ती स्वतःच ऑटोतून मशीन घेऊन आली. मी हात लावायच्या आत तिनं आणि ऑटोवाल्यानं ते व्हरांड्यात उतरवलं. मशीन पुसून आणलं होतं, तेल घातलेलं होतं. "रख लो दीदी. मेरे घर में नहीं रह सकती," इतकंच बोलली आणि रस्त्याकडे बघत राहिली. मी पाणी विचारलं. नको म्हणाली. तिला माझ्या घरचं पाणी पिताना कोणी पाहायला नको होतं.

समोरच्या काकू हे सगळं त्यांच्या गॅलरीतून बघत होत्या. तुझी मैत्रीण, सेक्टरात जिच्याबरोबर तू उन्हाळ्यात पापड लाटायचीस तीच. आता ऐंशीच्या पुढे आहेत, घरात एकट्याच असतात. सकाळची पूजा आटोपली की माझ्याकडे चहाला येतात. त्या दिवशी येऊन मशीनवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुझ्या आईचं हाय ना हे?"

"हो."

"मले दे. मी देतो तिले, माह्या घरचं जुनं म्हणून. माह्या हातचं घेतलं तर कोणी काही म्हणनार नाही."

"काकू, तुमच्यामागे लागतील."

"मले मेलीले कोण विचारते? पण आयक, तू मंग तिकडे जायचं नाही. आणि मशीन तुझं होतं हे कोणापाशी काढायचं नाही. कधीच नाही."

किती सरळ होतं ते. त्या बाईला काम हवं होतं, आणि ते मिळायला माझं नाव तेवढं पुसायचं होतं. तरी मी दोन दिवस मशीन व्हरांड्यात तसंच ठेवलं. काकूंना म्हणाले, विचार करते. कपाटं देताना, साड्या देताना मला जे झालं नव्हतं ते आता झालं. मशीन सुटत होतं, पण गल्लीच्या तोंडापासून येणारी ती "दीदी" सुटत नव्हती. इतकं देऊनही मी स्वतःसाठी काय राखून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी काकूंच्या भाच्यानं मशीन नेलं. ती बाई पुन्हा शिवायला लागली असं काकूंनी सांगितलं. तिनं मशीन ओळखलंच असणार. माझं नाव काढलं नाही म्हणे.

काल दुपारी एक जण आला. माझ्याच शाळेत शिकलेला, आता चाळिशीचा. फाटकाबाहेर चपला काढल्या, माझ्या पाया पडला, "मैडम, पहचाना?" म्हणाला. मी ओळखलं. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, अक्षर फार सुंदर होतं. मी पाणी दिलं, ते त्यानं पूर्ण प्यायलं. मग रिकाम्या खोलीकडे बघत शांतपणे म्हणाला, "घर तो बिलकुल खाली कर दिया आपने."

मी त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला.

"मैडम, कुम्हारी में एक सिलाई मशीन है. लोग कहते हैं आपने दी है, और शर्त रखी है. मैंने सबसे कहा, हमारी मैडम ऐसी नहीं हैं. आप एक बार कह दीजिए कि आपकी नहीं थी, बात ख़त्म. थी, तो फिर उस औरत को बुलाकर पूछना पड़ेगा. लिखकर देना पड़ेगा उसको."

"मेरे पास तो कभी मशीन थी ही नहीं," मी म्हणाले.

तो हसला. "बस, यही सुनना था." पुन्हा पाया पडला. फाटकाशी चपला घालताना समोरच्या गॅलरीकडे बराच वेळ बघत राहिला. "सामने वाली आंटी भी मराठी हैं ना? उनसे भी मिलना है. कल शाम को आऊँगा."

तो गेल्यापासून मी स्वतःला समजावते आहे की त्या बाईसाठी खोटं बोलले. तिला कोणासमोर उभं राहावं लागू नये, कागदावर अंगठा द्यावा लागू नये, म्हणून. पण आई, तुला खोटं सांगू शकत नाही. ते वाक्य बोलताना मला ती आठवलीच नव्हती. फक्त हे आठवलं की मी घरात एकटी आहे आणि तो माझ्या आणि दाराच्या मध्ये बसला आहे. जे नाव दोन दिवस मला सोडवत नव्हतं ते मी एका दमात टाकून दिलं, आणि त्याच्याबरोबर तुलाही. आवाज जरासुद्धा हलला नाही.

आता चार वाजत आले आहेत. समोर काकू गॅलरीत वाळलेले कपडे काढत आहेत. तो आज संध्याकाळी येणार आहे हे त्यांना माहीत नाही. सकाळी त्या चहाला आल्या, आम्ही दोघी भाजीच्या गोष्टी बोललो, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं तर त्या विचारतील, तू काय म्हणाली त्याले? आणि त्यांचा स्वभावच असा आहे की त्या माझ्यासारखं अंग काढून घेणार नाहीत. "मशीन मीच दिलं तिले," म्हणून गॅलरीतून ओरडून सांगतील.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहीत आहे. रस्ता ओलांडायला वीस पावलंसुद्धा लागत नाहीत. मी अर्ध्या तासापासून चपला पायात घालून बसले आहे, आणि लिहिते आहे.