स्तोयना आजीचं खरं वय

गोर्नो लिपोवो,
१२ मे २०११

प्रिय कामेन,

तुझं पाकीट पोचलं. तुझ्या सत्काराची निमंत्रणपत्रिका देखणी आहे. तुझ्या नावाखाली 'शतायुषींच्या गावाचा शोध' असं सोनेरी अक्षरांत छापलंय, ते वाचून मला हसूच आलं. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, आता उकरत बसू नकोस, त्या म्हाताऱ्या जातील, मग कोण विचारणार आहे? ते वाचून माझं डोकं फिरलं. रागारागात मी सगळं अंगण झाडून काढलं.

आठवतं, तीन वर्षांपूर्वी आपली बस दरीतच बंद पडली आणि आपण हा चढ पायी चढून आलो? माझीही पिशवी तुझ्याच पाठीवर होती. स्तोयना आजीने मडक्यातलं दही पुढे ठेवलं आणि तू तीन वाट्या फस्त केल्यास. त्या वेळी तू मला फार आवडायचास, हे आता लिहायला हरकत नाही. या एवढ्याशा गावात शंभरी ओलांडलेले अकरा जण, आणि सगळ्यांच्या जेवणात हेच दही. आपण दोघांनी मिळून लेख लिहिला आणि रातोरात मोठे झालो.

त्या अकरा जणांच्या जन्मतारखा चर्चच्या वहीतून मी उतरवल्या होत्या. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, की वही मिटायची. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायची आपल्याकडची रीत मला ठाऊक नव्हती असंही नाही. माझ्या आईचं नाव तसंच आलेलं. तरी मी पुढचं पान उलटलं नाही.

मार्चमध्ये मी आजीला एकशे चार वर्षांची म्हणाले, तेव्हा ती घेवडा सोलत शांतपणे म्हणाली, "एकशे चारची ती असती, पोरी. दहा महिन्यांची गेली ती. मी तिच्या मागून आले, तिचंच नाव घेऊन." तशीच उठून मी चर्चमध्ये गेले. नऊ वर्षांनंतरच्या पानावर दुसरी स्तोयना होती, आईबापही तेच. अकरांपैकी सात जणांचं असंच निघालं. ओळखपत्र करणारा कारकूनही माझ्यासारखाच पहिल्या नोंदीवर थांबलेला.

आपल्या संस्थेच्या संचालकांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, दह्याच्या डब्यांवर म्हातारीचा फोटो गेलाय, आता गप्प बस नाहीतर घरी बस. मी त्यांना प्लोवदिव शहरातून आलेल्या बाईबद्दल सांगितलं. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून ती त्याला आपलं दही चारत होती, आपल्या लेखाचं कात्रण तिच्या पर्समध्ये होतं. संचालकांनी घड्याळ पाहिलं. मी माझं कपाट आवरलं आणि इथे आजीकडे राहायला आले. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

आजीला शंभरी हुकल्याचं काहीच वाटत नाही. तिला लागलंय ते वेगळंच. कागदावर थोरली स्तोयना अजून जिवंत आहे, म्हणून तिच्या नावाने कधी कोणी मेणबत्ती लावली नाही. गेल्या रविवारी आजीने, कोणी गेलं की इथे लावतात तशी, फाटकावर मृत्यूची नोटीस लावली: 'स्तोयना, वय दहा महिने. फार उशीर झाला, माफ कर. तुझी धाकटी स्तोयना.' लांबून नाव वाचून बायका फुलं घेऊन रडत आल्या, तर आजी नोटिशीखालच्या बाकावर बसून घेवडा सोलत होती. तिने त्यांना हसून आत बोलावलं, गेलेल्यांच्या नावाने शिजवतात तो गोड गहू वाढला, आणि मग सगळ्या मिळून खरोखरच त्या पोरीसाठी रडल्या. एक अडाणी म्हातारी पंचाण्णवाव्या वर्षी चुकीची नोंद दुरुस्त करते, कामेन, आणि आपल्याला ते जमू नये?

लेख मागे घ्यावा असं मी मासिकाला परवाच कळवलंय, चूक माझी होती असं स्पष्ट लिहून. तुझ्या सहीची जागा कोरी आहे. चोवीस तारखेला तुझ्या सत्काराला आम्ही दोघी येतोय. आजीने डोक्याला बांधायचा काळा रुमाल धुऊन ठेवलाय. हार गळ्यात पडण्याआधी तू स्वतःच्या तोंडाने सांगावंस, एवढ्यासाठी हे पत्र आधी पाठवतेय. तू बोलला नाहीस, तर मी उभी राहून बोलेन. याला धमकी म्हण हवं तर. आणि बोललास, तर खाली उतरून आमच्याकडे ये, तिसऱ्या रांगेत आजीच्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवते.

त्या लेखावर अजून तरी तुझ्या शेजारी असलेली,
तुझीच,
नेवेना