दारूकामासाठी शेजारी-शेजारी दोन खुर्च्या मिळण्याबाबत

दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. सोहळा अधिकारी,
राष्ट्रीय दिन आतषबाजी सोहळा समिती,
नागरिक सुविधा खिडकी क्र. ३, पनवेल.

अर्जदार : सौ. रूबी डेव्हिड आपटेकर, वय ७९, निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सहअर्जदार : श्री. डेव्हिड सॉलोमन आपटेकर, वय ८४ (अर्जदाराचे पती)

विषय : दि. २६ जानेवारी २०२६ रोजीच्या दारूकामासाठी ज्येष्ठ नागरिक कक्षात शेजारी-शेजारी दोन खुर्च्या मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ३ जुलै २०२३
२) आपले पत्र, दि. ९ ऑगस्ट २०२३
३) सरबताचा तपासणी अहवाल, दि. २९ जानेवारी २०२४
४) आपले पत्र, दि. १२ ऑगस्ट २०२४

महोदय,

हे प्रकरण सन २०२३ चे आहे. त्यावर आजवर तीन अर्ज झाले, हा चौथा. पहिल्या अर्जात "मी" असे लिहिले होते म्हणून तो खिडकीवरूनच परत आला आणि पुन्हा लिहून द्यावा लागला. अर्जात "मी" चालत नाही, "अर्जदार" लिहा, असे सांगण्यात आले. तेव्हापासून अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणते. आता सवय झाली आहे. आपण या जागी नवीन आला आहात असे समजले, म्हणून हकिगत पहिल्यापासून सादर करीत आहे.

१. मे २०२३ मध्ये सहअर्जदारांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदूने डावा डोळा आधीच गेला होता. डॉक्टर म्हणाले, उजव्याचे वर्षभर धरा, काय पाहायचे ते पाहून घ्या. मुलगी आदिना इस्रायलला असते. तिने फोनवर यादीच केली : आग्रा, केरळ, नाहीतर तिच्याकडचा समुद्र. सहअर्जदारांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "समुद्र उरणला पाहिलाय. मला दारूकाम बघायचंय."

२. दारूकाम म्हणजे काय हे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे या एका शब्दाने झाले. आभाळात सोडायचे बाण, औटगोळे, जमिनीवरची चक्रे आणि नळे, या सगळ्याला मिळून अर्जदाराच्या लहानपणी दारूकाम म्हणत. ते करणाऱ्याला दारूवाला म्हणत आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. दिवाळीत फटाक्यांच्या दुकानांवर आजही "शोभेची दारू" असा शब्द दिसतो.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पनवेलला मैदानावर मोठे दारूकाम ठेवले होते. दुपारपासून भुरभुर लागली. बाळू दारूवाल्याने माल ताडपत्रीखाली झाकला, पण ओल लागायची ती लागलीच. बाण फुसकन आडवे होत, चक्रे अर्धी फिरून थांबत. लोक हसले आणि आपापल्या घरी गेले. अर्जदार व सहअर्जदार एका छत्रीत उभे राहिले. आदिना वर्षाची होती, ती अर्जदाराच्या कडेवर. शेवटी बाळू ओरडला, "एकच उरलाय! बघायचा तर बघा, नायतर जा!" तो मात्र सरळ वर गेला आणि फुटला. सहअर्जदार म्हणतात, निळा होता. निळा रंग दारूकामात क्वचितच साधतो. अर्जदार म्हणते, हिरवा होता. हा वाद त्रेपन्न वर्षे चालू आहे. घरात कोणी पाहुणा आला की सहअर्जदार आधी त्याला पाणी विचारतात आणि मग हे विचारतात. पाहुणा तेव्हा जन्मलेला नसला तरी त्याला बाजू घ्यावी लागते.

सहअर्जदारांना निळा पुन्हा एकदा पाहायचा होता. एवढीच मागणी होती.

३. पूर्वी दारूकाम घराच्या गॅलरीतून दिसे. आता समोर बारा मजली इमारत झाली आहे. मैदानावर जाणे आले, आणि सहअर्जदारांना दहा मिनिटांच्या वर उभे राहवत नाही. आपल्या कक्षात ज्येष्ठांसाठी अर्जावर खुर्च्या मिळतात असे समजल्यावर घरात तयारी सुरू झाली. सहअर्जदारांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर सत्तावीस वर्षे नोकरी केली आहे, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी मैदानाचा नकाशा काढला. ऑगस्टात वारा खाडीकडून येतो, तेव्हा धूर तोंडावर यायला नको म्हणून खुर्च्या कोणत्या अंगाला हव्यात, तेथे फुली मारली. रिक्षा कुठे थांबणार, तेथून पावले किती, वाटेत उंच पायरी कुठे, सगळे लिहिले. छत्री एक की दोन यावर दोन दिवस गेले. एक ठरली. कामोठ्याचा जगन आमचा नेहमीचा रिक्षावाला. तो म्हणाला, "काकी, साडेपाचला मी दारात हाय. काकांना पाऊल पन भिजू देनार नाय." त्या दीड महिन्यात सहअर्जदारांनी डोळ्यांत औषध घालायला एकदाही कुरकुर केली नाही.

४. दि. ९ ऑगस्ट रोजी आपल्या समितीचे पत्र आले. ते येथे जसेच्या तसे उतरवून घेत आहे : "दिनांक १५ ऑगस्ट हा ड्राय डे असल्याने सदर दिवशी आपणांस व आपल्या पतीस दारूकामाची परवानगी देता येत नाही. आपले वय विचारात घेता सोबतचे पत्रक वाचावे." सोबत व्यसनमुक्तीचे पत्रक होते. त्यावर एका रडणाऱ्या बाईचे चित्र होते.

सहअर्जदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "रूबी, जन्मभर शुक्रवारची संध्याकाळ मनुकांचं सरबत पिऊन काढली, आणि नाव तुझं खराब झालं!" जगनने रिक्षातून उतरायच्या आधीच विचारले, "काकी, सरकारकडं दारू मागितलीत? आमाला नाय इचारलंत!" अर्जदारही हसली. तेव्हा अजून हसू येत होते.

१५ ऑगस्टच्या संध्याकाळी दोघे गॅलरीत बसले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उजेड पडत होता आणि जात होता. सहअर्जदार दर वेळी विचारत, "कुठला?" इमारतीला पिवळट रंग आहे. तिच्यावर सगळेच पिवळे दिसत होते.

५. खिडकीवर पूर्वी नावाच्या मॅडम होत्या, त्या भल्या होत्या. त्यांनी सांगितले, "आजी, आतषबाजी लिहा, आणि आधीच्या पत्राचा खुलासा जोडा." अर्जदाराने २६ जानेवारी २०२४ साठी तसा अर्ज केला. चूक झाली ती खुलाशात, आणि ती अर्जदाराची आहे. तिने लिहिले की आमच्या घरी मद्य येत नाही. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आहोत. शुक्रवारी सूर्य मावळल्यावर किद्दूशच्या प्रार्थनेला प्याला लागतो, त्यासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून घरीच सरबत करतो. शिक्षिकेची सवय, कृती पूर्ण लिहिली.

त्यावरून नस्तीवर "घरगुती उत्पादन" असा शेरा पडला, आणि नस्ती दुसऱ्या एका खात्याकडे गेली. तपासणी होईपर्यंत खुर्च्या देता येणार नाहीत असे कळवण्यात आले. सहअर्जदारांना तेव्हा नळीतून पाहावे तेवढे दिसत होते. २६ तारखेला खुर्चीविना जाऊन पाहिले. जगनने गर्दीतून वाट काढली. पण सुरू व्हायला उशीर झाला, सहअर्जदारांचे पाय थरथरू लागले आणि आम्ही परत फिरलो. रिक्षा रस्त्याला लागली तेव्हा मागे पहिला बाण फुटला. जगनने रिक्षा थांबवली. सहअर्जदारांनी मान वळवेपर्यंत तो विझला होता.

तपासणी अधिकारी उदयसिंह साहेब दि. २९ रोजी आले. सोमवार होता, सरबत नव्हते. "शुक्रवारी यावे" असे अर्जदार म्हणाली, तर ते म्हणाले, आजच हवे. मनुका भिजायला वेळ लागतो. साहेब दोन तास बसले. सहअर्जदारांनी त्यांना निळा की हिरवा ते विचारले. साहेब म्हणाले, "काका, तुम्ही काट्यावरचे माणूस, तुमचा आकडा चुकणार नाही. निळाच." मग त्यांनी अर्धा प्याला सरबत घेतले आणि अहवालात लिहिले : "चव घेतली. गोड आहे. मादक नाही." अहवाल फार चांगला लिहिला आहे. फक्त २६ जानेवारी होऊन गेली होती.

६. जुलै २०२४ मध्ये उजवा डोळाही गेला. एका सकाळी सहअर्जदारांनी विचारले, "आज लाईट गेलेत का?" पंखा चालू होता. अर्जदार म्हणाली, "हो." मग थोड्या वेळाने त्यांना पंख्याचा वारा लागला.

तरीही ते म्हणाले, जाऊ या, ऐकू तरी. तिसऱ्या अर्जाला निकड दाखवण्यासाठी वैद्यकीय दाखला जोडला. त्यावर आपल्या समितीने कळवले : "सहअर्जदार दोन्ही डोळ्यांनी दृष्टिहीन असल्याने त्यांना पाहण्यासाठीच्या खुर्चीचे प्रयोजन उरत नाही. अर्जदारास एक खुर्ची मंजूर." अर्जदाराने पत्र वाचले, घडी घातली आणि फडताळात ठेवले. राग आला नाही. काहीच आले नाही. भाकऱ्या टाकायच्या राहिल्या होत्या, त्या टाकल्या. ती खुर्ची त्या दिवशी रिकामी राहिली असेल. त्यानंतरच्या दोन्ही राष्ट्रीय दिनांसाठी अर्जदाराने अर्ज केला नाही, आणि सहअर्जदारांनी विचारले नाही.

त्या पत्रावर एकच म्हणणे आहे. खुर्ची पायांसाठी मागितली होती, डोळ्यांसाठी नव्हे. पाय तेव्हाही थकलेले होते आणि आजही आहेत.

७. हा परिच्छेद केवळ आपल्या माहितीसाठी आहे. १९७२ साली तो शेवटचा बाण गेला तेव्हा अर्जदार वर पाहत नव्हती. बाळूच्या ओरडण्याने आदिना दचकून रडू लागली होती. तिच्या डोक्यावर पदर धरून अर्जदार खाली वाकली होती. मान वर केली तेव्हा आभाळ काळे होते, आणि सहअर्जदार तोंड उघडे ठेवून उभे होते. ते म्हणाले, "पाहिलंस? निळा!" त्यांच्या तोंडाकडे पाहून "मी पाहिलाच नाही" असे म्हणवेना. काहीतरी बोलायला हवे म्हणून अर्जदार म्हणाली, "कसला निळा? हिरवा." पुढे सांगायचे राहून गेले. आधी गंमत म्हणून, मग वाद रंगू लागला म्हणून, आणि मग फार वर्षे झाली म्हणून.

२०२३ साली सहअर्जदार निळा बाण पाहायला निघाले होते ते अर्जदाराला खोटे पाडायला. ते व्हायला हवे होते. आता दोघांत मिळून पाहणारे डोळे अर्जदाराचेच उरले आहेत. वर काही फुटले की ते "कुठला?" असे विचारणार. तेव्हा अर्जदार वर पाहत असली पाहिजे, आणि त्यांना हाक मारावी लागणार नाही इतकी जवळ असली पाहिजे. म्हणून खुर्च्या दोन, आणि म्हणून शेजारी-शेजारी.

८. नस्तीत ज्यांची नावे आहेत त्यांची आजची स्थिती, नस्ती पूर्ण असावी म्हणून, अशी : पूर्वी मॅडमची बदली द्रोणागिरीला झाली. जाताना त्या घरी येऊन गेल्या आणि दारूकाम हा शब्द वहीत लिहून घेतला. उदयसिंह साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांनी दिवाळीला एक किलो काळ्या मनुका पाठवल्या, पोच कळवली आहे. जगनने रिक्षा विकली, तो आता बंदरावर कंटेनरच्या गाडीवर असतो. २६ जानेवारीला रजा काढून पुतण्याची रिक्षा घेऊन येतो म्हणाला आहे. बाळू दारूवाला कधी गेला ते कोणालाच सांगता येत नाही, अर्जदाराने विचारून पाहिले. आदिना दर शुक्रवारी फोन करते. मैदानाचा नकाशा सहअर्जदारांच्या उशीखाली आहे. पावलांची संख्या त्यांना पाठ आहे. जानेवारीत वारा दुसऱ्या बाजूने येतो, म्हणून फुली दुसरीकडे मारायला त्यांनी परवा सांगितले. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांनी हा विषय काढला. त्यावरून हा अर्ज.

तरी नकाशातील फुलीच्या जागी, किंवा तेथे शक्य नसल्यास कोठेही, पण शेजारी-शेजारी, दोन खुर्च्या मिळाव्यात. एकच देता येत असेल तर ती सहअर्जदारांना द्यावी. अर्जदार मागे उभी राहील. तिचे पाय ठीक आहेत.

आपली नम्र,

(सही)
रूबी डेव्हिड आपटेकर, अर्जदार

(सही)
डेव्हिड सॉलोमन आपटेकर, सहअर्जदार

सोबत : १) मैदानाचा नकाशा, नक्कल. २) तपासणी अहवालाची प्रत. ३) व्यसनमुक्तीचे पत्रक, परत.

टीप : सहअर्जदारांची सही त्यांनी स्वतः केली आहे. ती ओळ सोडून खाली गेली आहे, ती खाडाखोड समजू नये.

वरील मजकूर सहअर्जदारांना मोठ्याने वाचून दाखवला. तो त्यांना समजला व मान्य आहे. परिच्छेद ७ वाचलेला नाही. सहाच्या पुढे एकदम आठ कसे, असे त्यांनी लगेच विचारले. कारकुनी चूक, असे अर्जदाराने सांगितले आहे.